वीस मिनिटं हात लावू नका

"तुझ्या सासूबाईंनी काल मला एकच गोष्ट तीनदा विचारली," खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू म्हणाल्या होत्या. तोंडात दोन टाचण्या धरलेल्या, त्यामुळे शब्द अर्धेच बाहेर पडत होते. "पडद्याची पट्टी केवढी ठेवायची म्हणून. सांगितलं, चार बोटं. जिन्यापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा तेच. जरा लक्ष असू दे गं."

तिने ते हसण्यावारी नेलं. म्हणाली, काकू, मी स्वतः गॅसवर दूध ठेवून विसरते, माझ्यावर कोण लक्ष ठेवणार. तेव्हा कडेवर बबडी होती, बबडीला सर्दी झाली होती, आणि ज्या घरात दीड वर्षाच्या मुलीचं नाक वाहतंय त्या घरात दुसऱ्या कुणाकडे बघायला कुणाला सवड असते? ही गोष्ट तीन आठवड्यांपूर्वीची.

आज मंगळवार होता, सकाळचे नऊ पंचवीस झाले होते, आणि घरातला संगणक तिला आत घेत नव्हता.

"खूप वेळा चुकीचा पासवर्ड टाकल्यामुळे हे खातं तात्पुरतं बंद करण्यात आलं आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा."

खूप वेळा, हे तिला पटेना. ती तर आत्ता येऊन खुर्चीत बसली होती. पासवर्ड एकदाच टाकला होता, तोही बरोबर. तिने पुन्हा टाकला. तेच. मग एकेक अक्षर ओठांनी म्हणत टाकला. तेच. संगणक बंद करून परत चालू केला. आतला पंखा घरघरला, पडदा उजळला आणि तेच वाक्य तिच्यासमोर उभं राहिलं, रोज बघूनही ओळख न देणाऱ्या कचेरीतल्या शिपायासारखं.

अकरा वाजता तिची परीक्षा होती. ध्वनिमुद्रित भाषणं, मुलाखती, सुनावण्या ऐकून त्यांचा मजकूर टाईप करून देणारी एक कंपनी होती; घरबसल्या काम, दिवसाचे चार तास. निवड परीक्षा वर्षातून एकदाच व्हायची. परवाच त्यांच्या माणसाने हाच संगणक, हाच माईक, हेच कानात घालायचं यंत्र दुरून तपासून पसंत केलं होतं. दुसऱ्या संगणकावरून चालणार नव्हतं. अकराला दार उघडणार, अकरा दहाला बंद. बबडी व्हायच्या आधी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. भाषेची पदवी, तीही पहिल्या वर्गात, आणि गेली दोन वर्षं ती पदवी पावडरच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचण्याच्या कामी येत होती. यंदा हुकलं की पुढच्या वर्षी आपण बोटं चालवायलाही विसरलेलो असू, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. फोन त्याच्या जोडीदाराने उचलला आणि साहेब खाली खड्ड्यात उतरलेत, वर आले की सांगतो, म्हणाला. सात मिनिटांनी नवऱ्याचा फोन आला, मागे लोखंड आदळल्याचे आवाज. त्याने तिला दोन गोष्टी सांगितल्या: रडू नकोस, आणि संगणक दुरुस्तीवाल्याला फोन कर. ती अजून रडली नव्हती. पण लग्नाला पाच वर्षं झाली की नवरे हवामान खात्यासारखे बोलायला लागतात, ढग दिसायच्या आधी इशारा.

दुरुस्तीवाला नुकताच उठला असावा. जांभई आवरत म्हणाला, "वहिनी, ते मीच लावून दिलंय की. बबडी सगळ्या कळा दाबत बसते म्हणून दादांनीच सांगितलं होतं. पाचदा चुकला की वीस मिनिटं बंद. आणि मधे कुणी हात लावला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून."

"अहो, पण मी तीनदा बरोबर टाकला ना आत्ता."

"तेही हात लावणंच झालं. त्या वेळात बरोबर की चूक, ते बघतच नाही ते. आता असं करा, वीस मिनिटं हात लावू नका. नुसत्या बसा."

नुसत्या बसा. हे म्हणजे पाण्याला सांगायचं की बाबा, उतारावर थांब. ती आयुष्यात कधी नुसती बसली नव्हती. बबडी झोपली की श्वास चाललाय ना म्हणून नाकाशी बोट नेऊन बघायची, आणि त्या बोटानेच बबडी जागी व्हायची. फडताळावर एक वही होती, तिच्यात बबडीचा ताप, दूध किती, झोप किती, शीचा रंग कसा, सगळं तारीखवार लिहिलेलं. नवरा म्हणायचा, एवढी नोंद आम्ही पंधरा मजल्यांच्या लिफ्टची ठेवत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. हिच्या मनाला तर वैऱ्याची गरजच नव्हती.

नऊ पंचेचाळीस. म्हणजे दहा पाच. तिने खुर्ची मागे सारली आणि तेव्हा तिला खुर्चीतली उशी दिसली. उशी घेऊन ती बसत नसे. दिसली, आणि तिने ती उचलून पलंगावर टाकली, एवढंच. डोक्यात चोर घुसले होते. कुणीतरी दुरून आपल्या खात्यात शिरायला बघतंय, परवा तपासणीच्या निमित्ताने आलेला तो माणूसच कशावरून खरा होता, बबडीचे सगळे फोटो त्यातच आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

तरी जाता जाता तिने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं. सासूबाई खाली बसून भाजी निवडत होत्या.

"आई, सकाळी तुम्ही संगणकाला हात लावला होता का हो?"

"मी कशाला लावू? सकाळपासून या जुडीतनं डोकं वर काढलं नाही मी." आणि काड्या मोडता मोडता वर पुस्ती, "त्याच्यात मेलं पत्त्यांशिवाय आहे काय? आणि पत्त्यांचा आलाय मला कंटाळा."

सासूबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली होती. लोक फोन उचलून नंबर मागायचे तेव्हापासून. पुढे तर लोक नंबर मागेनासेच झाले, नुसतं नाव सांगायचे, कारण बोर्डावर या असल्या की नाव पुरायचं. एक्स्चेंजमध्ये त्यांना डिरेक्टरी म्हणत. नवीन पुस्तक छापून यायच्या आधी साहेब यांना विचारायचा. त्या अभिमानावर त्यांनी संसार केला, नवऱ्यामागे मुलगा वाढवला, आणि घरातही कधी एक नंबर कागदावर उतरवला नाही. नातेवाईक, गॅसवाला, बबडीचा डॉक्टर, सगळे तोंडपाठ. सुनेच्या मोबाईलमधली नावांची यादी बघून एकदा म्हणाल्या होत्या, "डोकं भाड्याने दिलंस की काय?"

आठ दिवसांपूर्वी तिने संगणकाचा पासवर्ड बदलला होता. आधीचा सहा आकडी होता, सासूबाईंनीच निवडलेला. पण त्या कंपनीचा नियम होता, आकडे, अक्षरं आणि एखादं चिन्ह असा मिसळीचा पासवर्ड हवा. तिने तो सासूबाईंना सांगितला, त्यांनी मान डोलावली. लिहून देऊ का, म्हणून तिने विचारलं.

"लिहून? मला?" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर पुन्हा विचारायची सोय नव्हती.

वीस मिनिटांतली आठ तिने काढली. एकदा बाल्कनीत जाऊन आली, एकदा पाणी प्यायली, तीनदा बबडीच्या खोलीत डोकावली, आणि तिसऱ्यांदा अर्थातच बबडी उठली. उठली ती रडतच. तिला घेऊन ती आतच फेऱ्या मारत राहिली, खांद्यावर थोपटत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. दहा पाच झाले. तिने मनावर दगड ठेवून आणखी दोन मिनिटं जाऊ दिली. बबडीला सासूबाईंकडे दिलं, येऊन बसली, शाळेत परीक्षेला बसताना बोटं फ्रॉकला पुसायची तशी ओढणीला पुसली आणि पासवर्ड टाकला.

"थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा."

तिने पुन्हा दुरुस्तीवाल्याला गाठलं. आता तो पुरता जागा होता. "वहिनी, मधे कुणीतरी हात लावलाय," तो म्हणाला. कोण लावणार, घरात माणसं किती, ती भांडायलाच उठली. तो शांतपणे म्हणाला, "ते मी इथून कसं सांगू? पण लागलाय हे नक्की. आता परत वीस मिनिटं. आणि वहिनी, तुम्ही त्याच्याजवळ बसू नका. बसलात की तुमचा हात जाणार."

दहा आठ. म्हणजे दहा अठ्ठावीस. अजून वेळ होता. पण आता ती खोली सोडायला तयार नव्हती. दारात पाय रोवून उभी राहिली, पहाऱ्यावर असल्यासारखी, आणि डोकं मात्र उगाच चाललेल्या यंत्रासारखं फिरत होतं. हात लागलाय. नवरा सातलाच गेला. बबडी तिच्या खांद्यावर होती. उरलं कोण ते दुसरीतल्या पोरालाही कळलं असतं. मग राग आला. आई खोटं बोलल्या. एवढीशी गोष्ट, आणि तोंडावर खोटं. सुनेचं घराबाहेरचं काम कुठल्या सासूला आवडलंय, इथवर ते डोकं धावत गेलं. आणि गेलं तसं लाजेने मागेही आलं, कारण परीक्षेचा अर्ज भर म्हणून तिच्या मागे लागलेल्या सासूबाईच होत्या. "बबडी माझ्याकडे. तू बस तो भोपू कानात घालून," असं त्याच म्हणाल्या होत्या. सगळा बेतच त्यांच्या जिवावर होता.

दहा सतराला आतून हाक आली. बबडीने शी करून सगळे कपडे भरवले होते. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "घे बाई. हा नंबर तुझा."

न्हाणीघरात बबडीला धुताना तिचा एक कान बाहेर होता. नळ बंद केला तेव्हा काहीतरी ऐकू आलं. कुणीतरी बोलत होतं. टीव्ही नाही, रेडिओ नाही. बारीक, सपाट, अतिशय विनयशील असा एक बायकी आवाज, या घरात तिने कधी न ऐकलेला. बबडीला पंच्यात गुंडाळून ती तशीच ओल्या पायांनी बाहेर आली आणि दारातच थांबली.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. उशी परत खाली घेतलेली, पाठ ताठ, चष्मा नाकावर. डावा हात कानापाशी, जणू तिथे काही धरलंय. उजवा हात कळफलकाच्या आकड्यांवर.

"सरकारी दवाखाना. दोन, तीन, शून्य, एक." टिकटिकटिकटिक. एंटर.

पडद्यावर तेच वाक्य.

"अग्निशमन. दोन, शून्य, शून्य, सात." एंटर.

"गिरणीचे मॅनेजर, घरचा. दोन, चार, नऊ, सहा." एंटर.

"डॉक्टरीणबाई. दोन, एक, आठ, तीन. धरून ठेवा, लावते."

एकही आकडा अडखळत नव्हता. ज्या दवाखान्याची इमारत पाडून वीस वर्षं झाली, जी गिरणी बंद पडून तिथे आता दुसरंच काही उभं आहे, ते सगळे नंबर एकामागून एक, ओळीने, शाळकरी मुलीने पाढे म्हणावेत तसे बाहेर येत होते. फक्त आठ दिवसांपूर्वीचा पासवर्ड तेवढा त्यांत नव्हता. त्यात अक्षरं आहेत, हेसुद्धा त्यांच्या बोटांना माहीत नव्हतं.

"आई."

हात थांबला. त्या वळल्या. आवाज परत घरचा झाला. "लागतच नाहीये गं. सगळे लावून बघितले."

"आई, अहो, हात नका ना लावू त्याला. वीस मिनिटं..."

"तू बबडीत होतीस. म्हटलं उघडून ठेवावं, तुझं काम अडायला नको. आत्ता पहिल्यांदाच बसले मी."

"पहिल्यांदा नाही, आई. मघाशीही बसला होतात. सकाळीही."

"कधी?"

सासूबाई खोटं बोलत नसत असं नाही. एकतीस वर्षं त्यांनी 'साहेब बाहेर गेलेत' हे साहेबांसमोर बसून सांगितलं होतं. पण खोटं बोलताना त्या हातातली बांगडी फिरवायच्या. ही खूण पाच वर्षांत सुनेने बरोबर टिपली होती. आत्ता दोन्ही हात मांडीवर शांत पडले होते. त्या खरंच विचारत होत्या. 'कधी?' म्हणजे मला सांग, मला माहीत करून घ्यायचंय. सकाळीही त्या खोटं बोलल्या नव्हत्या.

बबडीच्या अंगाचं पाणी तिच्या कुशीत झिरपत होतं. जिच्या प्रत्येक शिंकेची तारीख वहीत आहे, तिच्यापलीकडे दोन हातांवर हे चाललं होतं आणि आपण बघत होतो कुठे?

तिने घड्याळ बघितलं. दहा सव्वीस. म्हणजे आता दहा शेहेचाळीस. रागवायला वेळ नव्हता, रडायलाही नव्हता. तिने सासूबाईंना हाताला धरून उठवलं. तिघी संगणकापुढेच जमिनीवर सतरंजीवर बसल्या, म्हणजे कुणाचाच हात वर जाणार नाही. मधे बबडी आणि रिकामे डबे. बबडी डब्यावर डबा ठेवायची आणि पाडायची.

सासूबाईंनी पडद्याकडे हनुवटी केली. "काय लिहिलंय ते?"

तिने वाचून दाखवलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

"हेच," सासूबाई हसल्या. "एकतीस वर्षं मी लोकांना हेच ऐकवलं. कुणाचं माणूस दवाखान्यात असायचं, कुणाचं लग्न मोडायला आलेलं असायचं. लोक ओरडायचे, रडायचे, शिव्याही द्यायचे. आम्ही बायका एकमेकींकडे बघून म्हणायचो, काय मेली घाई आहे यांना." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "घाई नव्हती ती."

तिने बबडीचा डबा सरळ करून दिला.

"आठ दिवस पत्ते खेळले नाही मी," सासूबाई म्हणाल्या.

"कंटाळा आलाय म्हणालात ना."

"कंटाळा कसला येतोय. उघडतच नव्हतं. रोज वाटायचं, आज आठवेल. आंघोळ करताना आठवतो बघ, अगदी तोंडावर येतो. बाहेर येईपर्यंत गेलेला."

"मग मला विचारायचं, आई."

"काय विचारू? लोकांनी डिरेक्टरीत बघायचं असतं. डिरेक्टरीने कुणात बघायचं?"

त्या हे विनोद म्हणूनच बोलल्या. ती हसलीही. हसता हसता तिला एकेक आठवायला लागलं, आणि आठवायला फार लांब जावं लागलं नाही. परवा आमटीत दोनदा मीठ. बबडीच्या डॉक्टरांकडची वेळ, जी त्यांनी सांगितली आणि एक तास चुकली. तिने दवाखान्यातल्या मुलीलाच दोष दिला होता. जिन्यात एकदा त्या वरच्या मजल्यावर उभ्या सापडल्या, तेव्हा म्हणाल्या, पाय मोकळे करतेय. सगळं डोळ्यांदेखत होतं. तिने फक्त त्याची नोंद घेतली नव्हती.

"त्याला इतक्यात सांगू नकोस," सासूबाई हळूच म्हणाल्या. त्याला म्हणजे मुलाला.

"सांगावं लागेल, आई."

त्यांनी बबडीच्या केसांतून बोटं फिरवली, एकदा, दोनदा. "बरं. पण मी घरात नसताना सांग."

दहा शेहेचाळीस झाले. घड्याळावर विश्वास नको म्हणून तिने एक्कावन्नपर्यंत कळ काढली. उभी राहून, वाकून, एकेक अक्षर टाकलं. पडद्यावर चक्र फिरलं, आणि खातं उघडलं. मागे बबडीचा फोटो, ओळीने मांडलेली चित्रं. सकाळपासून जिच्यासाठी तडफड केली ती गोष्ट समोर होती, आणि तिला आनंदच होईना.

कारण आता दुसराच प्रश्न उभा होता. चाळीस मिनिटं कानात आवाज, डोळे पडद्यावर, आणि बबडी कुणाच्या हातात? ती धावत खाली गेली, शिवणकामवाल्या काकूंना बोलवावं म्हणून. दाराला कुलूप होतं. दोन-दोन पायऱ्या चढत परत आली. दहा सत्तावन्न. नवऱ्याला फोन लावला; तो परत खड्ड्यात. धाप लागली होती. ती दारातच टेकली आणि म्हणाली, "राहू दे. मी नाही देत परीक्षा. पुढच्या वर्षी बघू."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. एक्स्चेंजमध्ये नवीन मुलींकडे त्या असंच बघत असाव्यात.

"गप बस," त्या म्हणाल्या. "आधी जा, गॅस खालनं बंद कर. शेगडीचा नव्हे, टाकीचा."

ती उभीच.

"जा म्हणतेय ना. मग बाहेरच्या दाराची वरची कडी लाव. तिथवर माझा हात पोचत नाही."

तिने गॅस बंद केला. कडी लावली. कडी सरकल्याचा आवाज घरभर झाला, तेव्हा दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. सासूबाईंनी बबडीला उचललं, मधल्या दाराच्या बरोबर समोर पाट ओढून त्यावर बसल्या.

"आता हे दार उघडं ठेव, आणि मधनं मधनं वळून बघत जा," त्या म्हणाल्या. "बबडीकडे नको. माझ्याकडे बघ. मी उठले, कुठे निघाले असं दिसलं, तर ते कानातलं काढ आणि हाक मार. थांबेन मी."

"आई..."

"अकरा वाजले. लाइन सोडू नकोस."

परीक्षेत कुणी एक अभियंता पाण्याच्या नळांवर बोलत होता. जुने नळ कसे गंजतात, गळती कुठून सुरू होते, वरून काही दिसत कसं नाही. त्याचा घसा बसलेला होता आणि अर्धी वाक्यं तो गिळत होता. तिची बोटं पहिली पाच मिनिटं दगडासारखी चालली, मग सुटली. दर तीन-चार वाक्यांनी ती वळून बघायची. प्रत्येक वेळी सासूबाई तिथेच, ताठ, भिंतीला पाठही न लावता. बबडी त्यांच्याभोवती रांगायची, उठायची, पडायची, आणि त्यांच्या मुठीत तिच्या झबल्याचं टोक घट्ट धरलेलं. एकदा दोघींची नजर मिळाली. सासूबाईंनी मानेनेच खूण केली, चालू दे. एकदा बबडीने डबा स्वयंपाकघराच्या दिशेने भिरकावला, आणि सासूबाई उठायला अर्ध्या वाकल्या. मग सुनेकडे बघून परत बसल्या. डबा तिथेच राहू दिला. बबडीने भोकाड पसरलं तरी राहू दिला.

वळून बघण्यात दोन ओळी सुटल्या. तिने त्या जागा रिकाम्या सोडल्या. अंदाजाने काही भरलं नाही.

तरीही निवड झाली. दहा दिवसांनी तसं पत्र आलं. तोवर नवऱ्याला सांगून झालं होतं, सासूबाई देवदर्शनाला नव्हे, फिरायला नव्हे, मुद्दाम कोपऱ्यावरच्या दुकानात काडेपेटी आणायला गेल्या होत्या तेव्हा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ पान्ह्याचं तोंड उघडत-मिटत राहिला. त्यानंतर दवाखाना झाला. डॉक्टरांनी सासूबाईंना आजचा वार विचारला, सकाळी काय खाल्लं विचारलं. वार चुकला. खाल्लेलं आठवेना. तेव्हा त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमच्या वडलांच्या दवाखान्याचा नंबर सांगू का? दोन, दोन, सहा, चार." डॉक्टरांचं पेन कागदावरच राहिलं. नंबर बरोबर होता.

आता बबडीला सांभाळायला चार तास खालच्या काकू वर येतात, शिलाईचं काम घेऊनच. त्या दोघींना सांभाळतात, पण म्हणताना बबडीला सांभाळते असंच म्हणतात. फडताळावरच्या वहीत आता दोन रकाने आहेत. संगणकावर सासूबाईंचं वेगळं खातं आहे, त्याला पासवर्डच नाही. त्या त्यावर पत्ते खेळतात आणि डाव लागला की शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात.

तिची काळजी कमी झालेली नाही. फक्त ती हल्ली भेटेल त्याला एक गोष्ट सांगते, आणि हे वाचणाऱ्या तुमच्याकडेही तिचं तेवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, नाहीतर तुमच्यापासून लांब कुठल्या घरात, असं एक माणूस असेल ज्याला सगळं पाठ आहे, ज्याची कधी कुणाला काळजी करावी लागली नाही. आज त्याच्यापाशी जाऊन बसा. जाता येत नसेल तर फोन करा. जुनं काही विचारू नका. जुनं ते घडाघडा सांगेल, तुम्ही हसाल आणि निर्धास्त होऊन उठाल. कालचं विचारा. काल दुपारी काय केलंत, एवढंच. आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.